झाकणाच्या आतली ओळ

कार्यालयाने मला एक फॉर्म पाठवला आहे. वर छापलंय, 'सहीचा अधिकार ज्यांच्याकडे सोपवायचा, त्यांच्या स्वभावाविषयी व कामाविषयी थोडक्यात माहिती द्यावी.' खाली वीस रेघा आखल्या आहेत. म्हणजे माझ्या साडूबद्दल मला वीस रेघांत लिहायचं आहे, आणि तेही चांगलं. बावीस वर्षं मी या माणसावर जळतोय. वीस रेघांत ते कसं बसवायचं? मी जोडपानं लावतो आहे. कार्यालयाने वाचावीत, नाहीतर टाचणी काढून त्यांचं काय ते करावं.

त्याला वर्कशॉपात सगळे टिचकी म्हणतात. का म्हणतात ते पुढे येईलच. आमचं वर्कशॉप म्हणजे तांत्रिक संस्थेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. खिडकीतून सायकल स्टँड दिसतो. इथे मोजमापाची जुनी यंत्रं दुरुस्तीला येतात. चाळीस-पन्नास वर्षांची, उचलताना कंबर धरेल अशी. त्यांचे मालक ती टाकून देत नाहीत, कारण टाकून द्यायला जीव होत नाही. सगळ्यांत जास्त येतात ते ऑसिलोस्कोप. वीज डोळ्यांना दिसत नाही, स्कोप ती पडद्यावर हिरव्या रेघेत काढून दाखवतो. रेघ बिघडली की समजायचं, समोरच्या यंत्रात काहीतरी बिघडलंय. पण रेघ काढणाराच आजारी पडला तर? तिथून आमचं काम सुरू होतं.

दुरुस्त झालेलं यंत्र बाहेर जाताना त्याच्या पाठीवर एक कागदी पट्टी चिकटवतात आणि त्या पट्टीवर एकाच माणसाची सही असते. सही नाही तर यंत्र दाराबाहेर जात नाही. दुरुस्ती कोणीही करो, बाहेरच्या जगाला नाव दिसतं ते सहीवाल्याचं. तेव्हा ही सही थोरले साहेब करायचे. त्यांच्यानंतर ती माझी, हे मी पहिल्या वर्षापासून धरून चाललो होतो. डिप्लोमा माझ्याकडे, अनुभव माझ्याकडे, आणि मी सहीचा सरावही केला होता. वहीची शेवटची चार पानं त्यात गेली.

मी लागून नऊ वर्षं झाली तेव्हा माझ्या धाकट्या मेहुणीच्या नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद पडलं. रेडिओ दुरुस्त करून घेणारी माणसंच संपली होती. सासूबाई मला म्हणाल्या, "जावईबापू, धाकट्यांना तुमच्याकडे कुठे चिकटवता येईल का, बघा ना." सासूबाईंनी माझ्याकडे काही मागावं, याने मी इतका फुगलो की दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे शब्द टाकला. पायावर धोंडा लोक नकळत पाडून घेतात. मी तो शोधून आणला आणि नीट नेम धरून पाडला.

तो आला त्या दिवशी माझ्या टेबलावर एक स्कोप नऊ दिवस पडून होता. त्याची रेघ मधेच थरथरायची, आणि बघायला गेलं की शहाण्यासारखी सरळ. मी आतले चार व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्या, बदलले होते, सर्किटचा सगळा नकाशा नव्याने काढला होता. हा आला, डावा हात खिशात घातला, आणि शर्टाच्या खिशातून चक्क विणकामाची लाकडी सुई काढली. बायकोची. यंत्राच्या पोटात एकेका भागावर त्या सुईने टिचक्या मारत गेला. सातव्या टिचकीला रेघ दचकली.

"दादा, इथे दुखतंय बघा याला," तो म्हणाला.

सोल्डरचा, म्हणजे तारा जोडायला वितळवून लावतात त्या कथलाचा, एक जोड वरून चकचकीत आणि आतून सुटलेला होता. माझे नऊ दिवस, त्याची पाच मिनिटं. साहेब हसले. माझं काम बघून साहेब नऊ वर्षांत एकदाही असे हसले नव्हते.

खिशातल्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं. या यंत्रांत प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. दोन्ही हात आत घातले तर झटका छातीतून जातो, म्हणून एक हात खिशात ठेवायचा असं सगळ्यांनाच शिकवतात. आम्ही ते चारचौघांसारखं अधूनमधून पाळतो. याच्या अंगात ते इतकं मुरलंय की कशाची धास्ती वाटली की हात आपोआप खिशात जातो. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हाही एक हात खिशात. माझी मुलगी तेव्हा लहान होती. ती म्हणाली, "काका, काढा हात बाहेर, ताटात करंट नाहीये." सगळे हसले. तोही हसला. लोक त्याला हसले तर तो त्यांच्यात जाऊन बसतो. मला कोणी हसलं तर मी चार दिवस बोलत नाही.

मला काहीच येत नाही असा कार्यालयाने समज करून घेऊ नये. आडव्या उजेडाचं काम माझ्याइतकं इथे कोणालाही जमत नाही. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. समोरून न दिसणारी केसाएवढी चीरही मग सावली टाकते आणि सापडते. टिचकीला ते येत नाही. त्याला जाड चष्मा आहे. या चष्म्याचा मला आनंद होतो. हे स्वभावाबद्दल झालं, पण माझ्या.

घरी तर विचारूच नका. सासूबाईंचं भिंतीवरचं घड्याळ मी तीनदा 'बघतो' म्हणून टांगून ठेवलं होतं. याने ते एका दुपारी केसांच्या पिनेने चालू केलं. त्या दिवसापासून मी 'मोठे जावई' राहिलो आणि तो 'आमचा' झाला. बायको रोज काहीतरी आणायचीच. "अहो, ऐकलंत का, तिच्या नवऱ्याने म्हणे शेजाऱ्यांचा जुना टेपरेकॉर्डर बोलता केला." मी म्हणायचो, "बोलता केला तर आता गप्प कोण करणार?" ती म्हणायची, "तुमच्या पोटात का दुखतंय?" दुखत होतंच. पोटात दुखायचं, अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि सकाळी त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसून त्याचा 'दादा' ऐकावा लागायचा.

एकदा मी दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून, ओळखीचं कोणी नाही बघून, लाकडी सुई आणली. दुकानदाराने विचारलं, लोकर कुठली देऊ? सुई कशाला हवी ते काय सांगणार? म्हणालो, राखाडी. दोन गुंडे घ्यावे लागले. ते बायकोला माझ्या पिशवीत सापडले, आणि कोणासाठी आणलेत हे ती अजून अधूनमधून विचारते. दुपारच्या सुट्टीत खोली रिकामी असताना मी टिचक्या मारून बघितल्या. तिसऱ्या टिचकीला व्हॉल्व्हची काच तडकली.

इथे आमची एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. यंत्र उघडणाऱ्याने झाकणाच्या आतल्या बाजूला, पत्र्यावर, पेन्सिलीने लिहायचं. तारीख, काय बिघडलं होतं, काय केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं, आणि खाली सही. ही सही पाठीवरच्या सहीसारखी मानाची नाही, ती ज्याची त्याने करायची. वीस वर्षांनी पुन्हा ते यंत्र उघडणाऱ्याला आधीच्या माणसाने काय केलं ते कळावं, एवढाच हेतू. साहेबांचा नियम एकच होता. 'झाकणाला खोटं सांगायचं नाही.' माणसांना काय सांगायचं ते सांगा, झाकणाला नाही. त्या दिवशी मी झाकणावर लिहिलं, 'काच जुनी होती, आपोआप तडकली.' टिचकीने ती ओळ पुढे कधीतरी वाचली असणार. ताकास तूर लागू दिली नाही.

अकरा वर्षं अशी गेली. मग साहेबांची निवृत्ती सहा महिन्यांवर आली, आणि एक दिवस चष्मा पुसता पुसता ते मला म्हणाले, "सहीसाठी मी टिचकीचाही विचार करतोय." 'चा-ही' म्हणाले. तो 'ही' मी घरापर्यंत चघळत गेलो.

त्याच आठवड्यात आजोबा आजारी पडला. आजोबा म्हणजे आमचा सर्वांत जुना स्कोप, ज्याच्या रेघेशी बाकीच्यांच्या रेघा ताडून बघतात. चालू केल्यावर चाळीस मिनिटं ठीक, मग गरम झाला की रेघ फिकी पडत पडत नाहीशी. साहेबांनी तो मला न देता टिचकीला दिला. टिचकीने काय करावं? शीतपेयाच्या बाटलीतली कागदी नळी आणली, आजोबा तापेपर्यंत स्टुलावर बसून राहिला, आणि रेघ गेल्यावर नळीने एकेका भागावर गार फुंकर घालायला लागला. विजेला अडवणाऱ्या एका बारक्या भागावर, रेझिस्टरवर, फुंकर बसली आणि रेघ परत आली. फुंकर थांबली की रेघ जायची. पुन्हा घातली की यायची. लहान मुलाच्या भाजलेल्या बोटावर फुंकर घालावी तसं त्याचं चाललं होतं, आणि मी शेजारच्या टेबलावर दात आवळून बघत होतो.

तो रेझिस्टर चिनी मातीच्या एका पांढऱ्या पट्टीवर बसवलेला होता. या पट्ट्यांच्या खाचांत चांदीचा पातळ थर असतो. साधं सोल्डर पुन्हा पुन्हा वितळवलं की ते चांदी खाऊन टाकतं आणि जोड उपटून येतो. म्हणून चांदी मिसळलेल्या सोल्डरचा एक छोटा रोल बनवणाऱ्यांनीच आत खुंटीला अडकवून ठेवलेला असतो. हे पुस्तकात आहे. मी पुस्तक वाचलं होतं. तो रेडिओवाला, त्याने असल्या पट्ट्या कधी पाहिल्या नव्हत्या. अकरा वर्षांत असली यंत्रं दोनदाच आली होती आणि दोन्ही माझ्याकडे.

त्याने रोल बोटाने फिरवला आणि मला विचारलं, "दादा, हा कशाला लटकवलाय?"

मी मान वर न करता म्हणालो, "कोणीतरी विसरलंय. जुना झालाय तो. तू आपलं नेहमीचं वापर."

"बरं," तो म्हणाला.

बस, एवढंच. मी काही तोडलं नाही, काही चोरलं नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून साधं सोल्डर लावलं, आणि योग्य मापाचा रेझिस्टर सापडेपर्यंत तीनदा काढून तीनदा लावलं. प्रत्येक वेळी माझ्या मनात यायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी तो 'ही' आठवायचा.

चार महिने आजोबा ठणठणीत चालला. मग संस्थेचे दोन अधिकारी वर्कशॉप बघायला आले. साहेबांना त्यांच्यासमोर टिचकीचं काम दाखवायचं होतं, सहीचं त्याच दिवशी ठरायचं होतं. आजोबा चालू केला. रेघ आली, दोन वेळा लुकलुकली आणि गेली. जळका वास सुटला. टिचकीने प्लग काढला, झाकण काढलं. रेझिस्टर जोडासकट पट्टीतून उपटून लोंबत होता.

साहेब आत डोकावले आणि त्यांचा आवाज चढला. "चांदीच्या पट्टीला साधं सोल्डर? साधं सोल्डर ही चांदी खातं! मग हा रोल काय शोभेला टांगलाय?"

टिचकीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी सायकल स्टँडकडे पाहत होतो. मग तो झाकण हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून जरा वेळ उभा राहिला. मला वाटलं, रडतोय. आणि खरं सांगतो, माझ्या जिवाला गार वाटलं.

साहेबांनी झाकण मागितलं. त्यावर त्याची ओळ होती, 'रेझिस्टर बदलला. नेहमीचं सोल्डर वापरलं.' साहेब म्हणाले, "कोणाला विचारलं नव्हतंस?"

"नाही साहेब. चूक माझी."

प्लग काढलेला होता, यंत्रापासून तो चार पावलं लांब होता, तरी त्याचा डावा हात खिशात होता.

सही मला मिळाली. त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा कार्यालयात गेला, तो अजून आहे, आणि या फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात छापूनही आलाय. आजोबाची पट्टी मीच चांदीच्या सोल्डरने नीट केली आणि झाकणावर त्याच्या ओळीखाली चार ओळींचं पुराण लिहिलं. मधे काहीतरी पुसट डाग दिसला होता. मळ असेल म्हणून सोडून दिला.

त्यानंतर अकरा वर्षं तो यंत्रं बरी करत राहिला आणि मी सही करत राहिलो. बाहेरचे लोक मला म्हणायचे, तुमच्या हाताला गुण आहे. मी हात पुढे करायचो. टिचकीचा 'दादा' तसाच होता. घरी मेहुणी पूर्वीसारखीच "भाऊजी, अजून घ्या ना" म्हणायची. मी स्वतःची समजूत घातली होती की त्याला काही कळलंच नाही. हुशार हातांचा, पण भोळा. त्याला भोळा समजल्यावर मला रात्री झोप बरी लागायची.

गेल्या मंगळवारी, महिनाअखेरीला मी निवृत्त होणार म्हणून, यंत्रांची यादी करत होतो. आजोबाच्या झाकणावरच्या जुन्या नोंदी उतरवून घ्यायच्या होत्या. पेन्सिल फिकी झालेली, म्हणून मी टॉर्च पत्र्याला आडवी टेकवली. टिचकीच्या ओळीपुढच्या त्या मळकट डागात अक्षरं उभी राहिली. पेन्सिल खोडरबराने गेली होती, पण टिचकी लिहितो दाबून. दुकानात कार्बन ठेवून पावत्या लिहायची सवय. पत्र्याच्या रंगावर खळगे राहिले होते, आणि आडव्या उजेडात सगळं वाचता येत होतं. 'दादांना विचारून. चांदीचा रोल जुना झालाय असं दादा म्हणतात, नवा मागवावा.' त्याखाली सहीचे खळगे, ओळीबरोबर तीही खोडली गेली होती.

मी स्टुलावर बसलो. त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून रडत नव्हता. हात खिशात होता तो खोडरबरासाठी. साहेबांचं एक वाक्य ऐकून त्याला सगळं कळलं होतं. ज्याने एकाही झाकणाला कधी खोटं सांगितलं नाही, त्याने त्या दोन क्षणांत माझं नाव पुसलं होतं.

शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी जे वाटलं ते लिहितो. माझा जळफळाट झाला. हेसुद्धा याला माझ्यापेक्षा चांगलं जमलं.

मी त्याला हाक मारली. टॉर्च धरून दाखवलं. त्याने चष्मा वर-खाली केला आणि म्हणाला, "तुमचे डोळे अजून चांगले आहेत हो, दादा."

"का खोडलंस?"

"साहेबांनी वाचलं असतं तर तुम्हाला त्याच दिवशी काढलं असतं. तुमची मुलगी शाळेत होती. ताईंना काय तोंड दाखवलं असतं आम्ही? आणि मला इथे आणलं कोणी?"

"राग नाही आला?"

"आला की!" तो पटकन म्हणाला. "दोन वर्षं तुमच्या घरचा चहा गोड लागला नाही मला."

"आणि दोन वर्षांनी?"

"मग लागायला लागला." त्याने झाकणावरच्या खळग्यांवरून बोट फिरवलं. "पण एक सांगू? दर वेळी यंत्र बाहेर जाताना मी तुमची सही बघायचो. वाईट वाटायचं. आपली असती तर, असं वाटायचं."

म्हणजे अकरा वर्षं तोही माझ्यावर जळत होता. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला चहा पाजला.

आता फॉर्मचं. 'कामाविषयी' या रकान्यात लिहिलंय, याच्यासारखा हात या वर्कशॉपाने पाहिला नाही. माझ्या सहीने बाहेर गेलेल्या यंत्रांतली निम्म्याहून जास्त त्याने बरी केलेली आहेत. 'निष्काळजी' हा शेरा माझा आहे, तो माझ्या नावापुढे घ्यावा, माझं काय करायचं ते करावं. 'उमेदवारातील दोष' अशी एक चौकट आहे, तिच्यात लिहिलंय, 'झाकणाला एकदा खोटं सांगितलं. कारण जोडपानांत.' घरी बायकोला हे सगळं काल वाचून दाखवलं. तिने सगळी पानं नीट एकावर एक लावली. मग म्हणाली, "लोकरीचं आता कळलं."

आज सकाळी मी आजोबाचं झाकण पुन्हा काढलं आणि पुसलेली ओळ पेन्सिलीने, खळग्याखळग्यातून, होती तशी गिरवली. 'दादांना विचारून' हे जरा जाड झालं. नियमाप्रमाणे खाली सही ज्याची त्याने करायची. मी पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

"राहू द्या ना आता, दादा," तो म्हणाला. डावा हात खिशात गेला होता.

"हात बाहेर काढ," मी म्हणालो. "करंट नाहीये."

त्याने हात बाहेर काढला, त्या हाताने झाकण घट्ट धरलं, आणि सही केली. दाबून केली.